अमेलिया इअरहार्टचा शेवटचा रेडिओ: बोलत दोघेही होते, ऐकत मात्र एकच होता

घाटातून एसटीने जाताना घरी फोन लावलाय. तुमचा आवाज आईला नीट जातोय, ती उत्तरही देतेय, पण तुमच्या कानात काहीच येत नाही. तुम्ही हॅलो हॅलो करत राहता, ती बिचारी तेच तेच सांगत राहते. शेवटी वैतागून तुम्ही कॉल कट करता आणि मेसेज टाकता की रेंज नाहीये, वर पोचलो की फोन करतो. विषय संपला.

आता हाच प्रसंग पॅसिफिक महासागरावर, समुद्रापासून हजार फुटांवर, पेट्रोल संपत आलेल्या विमानात घडतोय असं समजा. मेसेज टाकायची सोय नाही. खाली उतरायला जेमतेम अडीच किलोमीटर लांबीचं एक बेट आहे, आणि ते सापडत नाहीये.

खरं तर मला वेगळाच लेख लिहायचा होता. हौशी, खासगी पायलट आणि कंट्रोल टॉवर यांच्यात बोलण्याचे घोळ का होतात, हा विषय होता. पण वाचत गेलो तसा फिरून फिरून एकाच नावापाशी येऊन थांबायला लागलो. आज पायलटला ट्रेनिंगमध्ये रेडिओबद्दल जे काही घोकून घेतात, त्यातलं जवळपास सगळं २ जुलै १९३७ च्या सकाळी एकाच विमानात चुकलं होतं. ते विमान अमेलिया इअरहार्टचं. ती गायब कशी झाली यावर शेकडो थिअऱ्या आहेत, व्हिडिओंचा तर पूर आहे. मला त्यात फारसा रस नाही. मला प्रश्न पडतो तो त्याच्या आधीचा: रेडिओ चालू होता, समोर ऐकणारं जहाज होतं, मग बोलणं का झालं नाही?

टेलिफोन कंपनीतली मुलगी

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या अ‍ॅचिसन गावचा. वडील वकील, पण दारूपायी नोकऱ्या टिकल्या नाहीत आणि कुटुंबाची बिऱ्हाडं बदलत राहिली. पहिल्या महायुद्धात ती कॅनडात टोरांटोच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांची सेवा करत होती. तिथेच १९१८ च्या फ्लूच्या साथीत आजारी पडली, आणि सायनसचं दुखणं आयुष्यभर मागे लागलं.

२८ डिसेंबर १९२० ला कॅलिफोर्नियात लाँग बीचला वडिलांनी १० डॉलर मोजून तिला विमानातून एक चक्कर मारायला पाठवलं. चक्कर १० मिनिटांची. जमिनीपासून काही शे फूट वर गेल्यावरच तिचं ठरून गेलं होतं, की आपल्याला हेच करायचंय. शिकायला पैसे लागणार, म्हणून तिने मिळेल ते काम केलं: फोटोग्राफी केली, ट्रक चालवला, आणि टेलिफोन कंपनीत नोकरीही केली. पुढे काय घडलं ते माहीत असल्यामुळे ही टेलिफोन कंपनी मला दरवेळी जरा टोचते.

नेटा स्नूक नावाच्या बाईंकडे ती १९२१ च्या जानेवारीत विमान शिकायला लागली. मग स्वतःचं पिवळं किनर एअरस्टर विमान घेतलं, त्याचं नाव ठेवलं कॅनरी. १९२२ मध्ये त्यातून १४,००० फुटांवर जाऊन महिलांचा उंचीचा विक्रम केला. १९२३ मध्ये लायसन्स मिळालं.

त्या काळात असल्या छोट्या विमानात रेडिओ नावाची गोष्टच नव्हती. रेल्वेचे रूळ बघत जायचं, आणि वारा कुठून येतोय ते धुरावरून ओळखायचं. आपण ज्याला एअर ट्रॅफिक कंट्रोल म्हणतो ते अमेरिकेत सुरू झालं तेसुद्धा झेंड्यांनी. १९२९ मध्ये सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा माणूस एका हातगाडीत खुर्ची, छत्री आणि जेवणाचा डबा घालून धावपट्टीच्या टोकाला जाऊन बसायचा. चौकटीचा झेंडा दाखवला की जा, लाल दाखवला की थांब. हसू नका, पायलटला तो झेंडा दिसला की नाही हे त्याला लगेच कळायचं. विमान थांबायचं किंवा निघायचं. उत्तर डोळ्यांसमोर.

प्रवासी म्हणून मिळालेली प्रसिद्धी

जून १९२८ मध्ये अमेलिया अटलांटिक महासागर विमानाने पार करणारी पहिली स्त्री ठरली. पण विमान चालवत होता विल्मर स्टल्ट्झ. सोबत मेकॅनिक लुईस गॉर्डन. ही मागे बसलेली. आपण बटाट्याच्या पोत्यासारख्या नेल्या गेलो, असं तिने नंतर स्वतःच सांगून टाकलं. लोकांनी मात्र तिलाच डोक्यावर घेतलं. ही फुकटची प्रसिद्धी तिला बोचत होती हे पुढच्या चार वर्षांत दिसतं.

२० मे १९३२ ला ती न्यूफाउंडलंडमधल्या हार्बर ग्रेसहून एकटी निघाली. उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, पंखांवर बर्फ साचलं, धुराड्याच्या नळीला चीर जाऊन ज्वाळा दिसायला लागल्या. सुमारे १५ तासांनी ती उत्तर आयर्लंडमध्ये डेरीजवळ एका कुरणात उतरली. जायचं होतं पॅरिसला! पण अटलांटिक एकटीने पार करणारी ती पहिली स्त्री होती, आणि आता मागच्या सीटचा प्रश्न कोणी काढणार नव्हतं.

या उड्डाणाने तिला एक गोष्ट शिकवली असावी असं मला वाटतं, आणि ती थोडी धोक्याची होती. सगळी यंत्रं दगा देत असतानाही ती पोचली होती. अटलांटिकच्या पलीकडे अख्खा युरोप आडवा पसरलेला आहे. दिशा थोडी चुकली तरी कुठेतरी जमीन लागतेच. पॅसिफिकमधल्या बेटाचं तसं नसतं.

जानेवारी १९३५ मध्ये ती हवाईतल्या होनोलुलूहून कॅलिफोर्नियात ऑकलंडला एकटी आली. असं करणारी ती पहिलीच व्यक्ती. यावेळी विमानात दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा रेडिओ होता. रात्री समुद्रावर ती रेडिओवर गाणं ऐकत होती. मध्येच कार्यक्रम थांबवून तिचा नवरा जॉर्ज पटनम याचा आवाज आला: इंजिनाच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येत नाहीये, जरा मोठ्याने बोल. तिला ते व्यवस्थित ऐकू आलं. बाकी सगळं सोडा, पण हे लक्षात ठेवा. ती बोलतेय ते नीट पोचत नाहीये हे तिला कळलं, कारण कोणीतरी ते तिला परत सांगितलं आणि ते तिच्यापर्यंत आलं. संवादाला दोन नळ्या लागतात, जाणारी आणि येणारी. त्या रात्री दोन्ही चालू होत्या.

विमानातून कमी केलेलं वजन

पर्ड्यू विद्यापीठाच्या मदतीतून तिला लॉकहीड इलेक्ट्रा १०ई हे दोन इंजिनांचं विमान मिळालं, १९३६ च्या जुलैमध्ये, ३९ व्या वाढदिवसाला. बेत होता विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणेचा.

पहिला प्रयत्न मार्च १९३७ चा, पश्चिमेकडे. सोबत हॅरी मॅनिंग होता. हा जहाजाचा कॅप्टन आणि मोर्स कोडमध्ये तरबेज. फ्रेड नूनन नॅव्हिगेटर. ऑकलंड ते होनोलुलू छान झालं. २० मार्चला होनोलुलूहून निघताना विमान धावपट्टीवरच गिरकी घेऊन आपटलं. विमान दुरुस्तीला गेलं, आणि मॅनिंग या मोहिमेतून बाहेर पडला.

मॅनिंग गेला म्हणजे विमानातला मोर्स कोड गेला. अमेलिया आणि नूनन दोघांनाही मोर्स जेमतेम येत होता. आज आपल्याला मोर्स म्हणजे सिनेमातली गंमत वाटते. पण १९३७ मध्ये समुद्रावरची जहाजं मुख्यतः मोर्समध्येच बोलत. कारण साधं आहे: माणसाचा आवाज खरखरीत बुडून जातो, टिंब आणि रेघ मात्र त्यातूनही ओळखू येतात. नेट कमजोर असताना व्हिडिओ कॉल अडकतो पण टेक्स्ट मेसेज जातो, तसंच काहीसं.

दुसरी गोष्ट अँटेनाची. विमानाच्या शेपटीकडून हवेत सोडायची सुमारे २५० फूट लांब तार असायची. दुसऱ्या प्रयत्नात, १ जून १९३७ ला मायामीहून पूर्वेकडे निघताना ती विमानात नव्हती. ही तार इतकी लांब का, ते समजून घेऊ. जहाजांची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी ५०० किलोहर्ट्झ होती. त्या लहरीची लांबी ६०० मीटर भरते. एवढी लांब लहर नीट बाहेर फेकायची तर अँटेनाही लांबच लागते. विमानाच्या पंखांचा पूर्ण पसारा होता १७ मीटरच्या आत-बाहेर. त्यावर ठोकलेल्या छोट्या तारेतून ५०० वर सिग्नल पाठवणं म्हणजे बोळातून फूटपंप मारण्यासारखं.

आता तिच्याकडे बोलायला उरल्या दोन फ्रिक्वेन्सी: रात्री ३१०५ किलोहर्ट्झ आणि दिवसा ६२१०. दोन कशाला? वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून रेडिओ लहरी लांब जातात, आणि तो थर सूर्यप्रकाशाने बदलतो. साधारणपणे रात्री खालच्या फ्रिक्वेन्सी लांब पोचतात, दिवसा वरच्या. रात्री आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर लांबलांबची केंद्रं लागतात ना, त्याच्या मुळाशी हेच आहे.

कराचीहून न्यूयॉर्कला लागलेला फोन

दक्षिण अमेरिका, आफ्रिका, तांबडा समुद्र असं करत १५ जूनला ती कराचीला उतरली. कराची एक वर्ष आधीपर्यंत मुंबई इलाख्यात होतं. १९३६ च्या एप्रिलमध्ये सिंध वेगळा प्रांत झाला. तिथे ती उंटावर बसली, आणि तिथूनच तिने न्यूयॉर्कला नवऱ्याशी टेलिफोनवर गप्पा मारल्या. १९३७ साली, कराची ते न्यूयॉर्क! रेडिओ आणि तारा मिळून तो कॉल जुळला, कारण मध्ये प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी प्रशिक्षित माणूस बसलेला होता आणि कुठल्या वेळी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर काय करायचं ते ठरलेलं होतं.

पुढे कलकत्ता. डमडमची धावपट्टी पावसाने भिजलेली, मान्सून तोंडावर. मग ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा आणि २८ जूनला ऑस्ट्रेलियातलं डार्विन. तिथे तपासल्यावर कळलं, की दिशा शोधणाऱ्या रेडिओचा फ्यूज उडालेला आहे. तो बदलला. २९ जूनला ती न्यू गिनीमधल्या ले गावात पोचली. १ जुलैच्या चाचणीत दिशा शोधणारा रेडिओ परत नीट चालला नाही. स्टेशन फार जवळ आहे म्हणून असं होत असेल, असा तिने अर्थ लावला. कदाचित तसं असेलही. पण पुढचा टप्पा समुद्रावरून सुमारे ४,१०० किलोमीटरचा होता आणि त्याच्या शेवटी हा रेडिओच उपयोगी पडणार होता. इथे मी तिच्या बाजूने उभा राहू शकत नाही.

हा रेडिओ काम कसा करतो? घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर त्यावर मीडियम वेव्हचं स्टेशन लावा आणि ट्रान्झिस्टर हळूहळू गोल फिरवा. एका ठरावीक कोनात आवाज एकदम पडतो. त्या पडलेल्या आवाजावरून स्टेशन कुठल्या रेषेवर आहे ते कळतं. विमानावर गोल कड्यासारखी अँटेना असते, ती फिरवून हेच करायचं. पण हे खालच्या फ्रिक्वेन्सीवर छान जमतं. फ्रिक्वेन्सी वर गेली की लहरी आकाशातून आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात, आणि आवाज कुठेच धड पडत नाही.

जहाजाच्या नोंदवहीतली सकाळ

हॉलंड बेटाजवळ अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं इटास्का हे जहाज तिच्यासाठी थांबलं होतं. तिच्यापुरतं तेच कंट्रोल टॉवर. मोठ्या एअरलाइन कंपन्यांची तोवर स्वतःची रेडिओ व्यवस्था होती, आणि अमेरिकेत नेवार्कला डिसेंबर १९३५ मध्ये मार्गावरच्या विमानांचा हिशोब ठेवणारं पहिलं केंद्रही सुरू झालं होतं. खासगी पायलटच्या नशिबी तसं काही नव्हतं. तिने आणि तिच्या माणसांनी तारा पाठवून जे ठरवलं तेवढंच. आणि त्या तारांमध्ये गोंधळ होता.

जहाजावरच्या लोकांना वाटत होतं, की तिला मोर्स येतो आणि ती ५०० किलोहर्ट्झ वापरू शकते. तिने मागितलं होतं की जहाजाने ७५०० किलोहर्ट्झवर सिग्नल द्यावा, त्यावरून ती दिशा शोधेल. ही फ्रिक्वेन्सी तिच्या कड्याच्या अँटेनासाठी फारच वरची. असं का मागितलं असेल? काही अभ्यासकांचा तर्क मला पटण्यासारखा वाटतो: त्या काळी काही जण रेडिओ लहर मीटरमध्ये सांगत, काही किलोसायकलमध्ये. ७५० मीटरची लहर म्हणजे ४०० किलोहर्ट्झ, दिशा शोधायला अगदी योग्य. मीटर आणि किलोसायकलची कुठेतरी सरमिसळ झाली असावी. हा तर्क आहे, पुरावा नाही. पण किलोबाइट आणि किलोबिटमध्ये गोंधळून नेटचा स्पीड मोजणारे आपण त्यावर हसू नये.

घड्याळंही जुळत नव्हती. ती ग्रीनिचची वेळ धरून चालली होती. जहाजाचं घड्याळ ग्रीनिचच्या साडेअकरा तास मागे. तो अर्धा तास डोक्यातल्या हिशोबात किती त्रास देतो, हे परदेशी मित्राबरोबर कॉलची वेळ ठरवणाऱ्या कुठल्याही भारतीयाला विचारा.

२ जुलैला सकाळी १० वाजता ती लेहून निघाली. मधली तारखेची रेषा ओलांडल्यामुळे पुढचं सगळं जहाजाच्या नोंदवहीत २ जुलैच्याच पहाटेचं आहे.

पहाटे पावणेतीनला तिचा आवाज पहिल्यांदा आला, खरखरीत बुडालेला. आकाश ढगाळ आहे एवढंच कळलं. ६:१४ ला ती म्हणाली की सुमारे २०० मैलांवर आहे, माझी दिशा शोधा, मी माइकमध्ये शिट्टी वाजवते. आणि तिने शिट्टी वाजवली. मला सगळ्या कथेत ही शिट्टी सर्वात जास्त लागते. मोर्सची कळ दाबून धरली की सलग सूर जातो आणि समोरचा त्यावर दिशा शोधू शकतो. तिने तोंडाने तो सूर देऊन पाहिला. जहाजाचं दिशा शोधणारं यंत्र फक्त खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालत होतं. बेटावर एक उसनं आणलेलं यंत्र ३१०५ वर चालू शकत होतं, पण ते बॅटरीवर होतं आणि रात्रभर चालू ठेवल्याने बॅटऱ्या उतरत गेल्या. शिवाय ती काही सेकंद बोलून थांबायची. तेवढ्यात दिशा सापडत नाही.

७:४२. ती म्हणाली की आम्ही तुमच्या वरच असायला हवं पण तुम्ही दिसत नाही, पेट्रोल कमी होतंय, रेडिओवर तुमच्याशी संपर्क होत नाहीये, हजार फुटांवर आहोत. जहाजावर तिचा आवाज पाचपैकी पाच अशा ताकदीने येत होता. लोक डेकवर उभे राहून आकाश बघत होते. चिमणीतून काळा धूर सोडला होता. रेडिओ ऑपरेटर ३१०५ वर आवाजात उत्तर देत होते, ७५०० वर मोर्समध्ये ए हे अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत होते.

आठच्या सुमाराला ती म्हणाली की ७५०० वर तुमचे सिग्नल मिळाले, पण दिशा सापडत नाही. अख्ख्या रात्रीत तिने जहाजाचं काही ऐकल्याचा हा एकमेव पुरावा. जहाजाने लगेच विचारलं, की आता ३१०५ वर उत्तर दे. उत्तर नाही. यावरून असा अंदाज निघतो, की कड्याच्या अँटेनाचा रस्ता चालू होता आणि आवाज ऐकण्याचा नेहमीचा रस्ता बंद होता. लेहून निघतानाच्या फिल्ममध्ये विमानाच्या पोटाखालची तारेची अँटेना तुटून पडल्यासारखी दिसते, असं काही जण म्हणतात. तसं असेल तर तिला ते कधी कळलंच नाही.

८:४३ ला तिचा शेवटचा निरोप. आम्ही १५७–३३७ या रेषेवर आहोत, उत्तर-दक्षिण फिरतोय, हेच ६२१० वर परत सांगते. ही रेषा नूननने उगवत्या सूर्यावरून काढलेली. आपण या रेषेवर आहोत एवढं ती सांगते. रेषेवर नेमके कुठे, हे नाही. गल्लीचं नाव माहीत आहे, घर नंबर नाही.

ऑपरेटरांनी ६२१० लावलं. तिथे कोणीच आलं नाही. उड्डाणाला २० तास १३ मिनिटं झाली होती.

आता टॉवरला काय करतात

दोष कुणाचा? रेडिओला तिने वजन मानलं, आधार मानलं नाही, हे खरं. पण तिला ऐकू येत नाहीये हे जहाजाला साडेसातनंतर कळायला हवं होतं, आणि तरीही त्याच त्याच फ्रिक्वेन्सीवर प्रश्न विचारले जात होते. निघण्याआधी दोन्हीकडच्यांनी एका कागदावर काय चालतं, काय चालत नाही हे लिहून एकमेकांना वाचून दाखवलं असतं तर? हे काम कुणी केलं नाही.

आज तेच काम नियमाने करून घेतात. कंट्रोलरने उंची, धावपट्टी किंवा परवानगी सांगितली की पायलटने ती जशीच्या तशी परत वाचून दाखवायची. त्याला रीडबॅक म्हणतात. चुकलं तर कंट्रोलर तिथेच दुरुस्त करतो. फ्रिक्वेन्सी नकाशावर छापलेल्या असतात. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे शब्द १९५६ पासून पक्के झालेत, म्हणजे बी आणि डीमध्ये घोळ नको. अमेरिकेत नवशिका पायलट पहिल्याच वाक्यात आपण शिकाऊ आहोत असं सांगतो, मग कंट्रोलर सावकाश बोलतो. मला हा नियम फार आवडतो. छोट्या विमानाच्या पायलटची सगळ्यात मोठी भीती विमानाची नसते, माइकची असते. पलीकडून भराभर बोलणारा कंट्रोलर, अर्धवट कळलेलं वाक्य, आणि परत विचारलं तर सगळे ऐकतील ही लाज. मग तो हो म्हणून टाकतो. अपघात तिथून सुरू होतात.

घोळ संपलेले नाहीत. या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर इतरांना नुसती किंचाळी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफमध्ये दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. त्याआधी एक महत्त्वाचं वाक्य अशाच किंचाळीत बुडालं होतं. कुणाचं बटण अडकून राहिलं तर पूर्ण फ्रिक्वेन्सी गप्प होते, आणि ज्याचं अडकलंय त्यालाच ते माहीत नसतं.

आणि रेडिओ पूर्ण गेला तर? पायलट ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावतो. कंट्रोलरच्या स्क्रीनवर लगेच दिसतं की या विमानाचा रेडिओ गेलाय. मग टॉवरमधून त्याच्यावर रंगीत दिव्याचा झोत टाकतात: स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट दे आणि फिरत राहा. पायलट दिवसा पंख हलवून कळलं असं सांगतो. आर्ची लीगच्या झेंड्यासारखंच. तिच्या विमानात असा एकही आकडा नव्हता, जो लावला की इटास्काला कळलं असतं, की तुमचं काहीच ऐकू येत नाहीये, दुसरं काहीतरी करा.

हॉलंड बेट

शोध लगेच सुरू झाला. युद्धनौका आली, लेक्सिंग्टन ही विमानवाहू नौका आली, सुमारे ४० लाख डॉलर खर्च झाले. १९ जुलै १९३७ ला अधिकृत शोध थांबवला. ५ जानेवारी १९३९ ला कोर्टाने तिला मृत जाहीर केलं.

हॉलंड बेटावर तिच्या उतरण्यासाठी कच्च्या धावपट्ट्या करून ठेवल्या होत्या. आज तिथे कोणी राहत नाही, पक्षी असतात. किनाऱ्यावर तिच्या नावाचा एक जुना मनोरा आहे, युद्धात बॉम्बने पडलेला आणि नंतर परत बांधलेला. त्याला इअरहार्ट लाइट म्हणतात. नाव दिव्याचं असलं तरी तो दिवसा जहाजांना दिसावा म्हणून उभारलेली खूण आहे.